‘आमचे’ की ‘आपले’? : एका आफ्रिकी कादंबरीच्या निमित्ताने

फास्वाने म्पे या दक्षिण आफ्रिकी लेखकाचे २००४ साली, वयाच्या ३४व्या वर्षी निधन झाले. त्याच्या नावावर एकच कादंबरी आहे : ‘वेलकम टू अवर हिलब्रो’. २००१ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आकाराने लहान आहे. एका बैठकीत ते वाचून होते. परक्या माणसांविषयीचा द्वेष सामान्य, सुस्वभावी लोकांच्या मनात कसा रुजतो याचे इतके प्रामाणिक चित्रण मी क्वचितच वाचले आहे. मात्र या पुस्तकात एक उणीव आहे असेही मला वाटते आणि ती केवळ वाङ्मयीन नाही. तिचा संबंध माणसांच्या जिवाशी आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पुस्तकाच्या नावाविषयी. ‘अवर’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आमचे’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपले’ म्हटले की तो आत येतो. दारी आलेल्या पाहुण्याला ‘हे आमचे घर’ असे सांगणे आणि ‘घर आपलेच समजा’ असे सांगणे यांतला फरक मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. तेव्हा हे नाव मराठीत आणायचे झाले तर ‘आमच्या हिलब्रोत’ म्हणायचे की ‘आपल्या हिलब्रोत’? इंग्रजी भाषेत हा प्रश्न झाकलेला राहतो. कादंबरीचा सारा प्रवास मात्र पहिल्या शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे झालेला आहे.

हिलब्रो हा जोहान्सबर्ग शहरातील उंच इमारतींचा दाट वस्तीचा भाग. वर्णभेदाच्या राजवटीत तो गोऱ्या लोकांसाठी राखून ठेवलेला होता. ती राजवट खिळखिळी होत गेली तशी येथे कृष्णवर्णीयांची वस्ती वाढली आणि १९९४ च्या स्थित्यंतरानंतर नायजेरिया, काँगो, झिंबाब्वे, मोझांबिक अशा देशांतून आलेले लोकही येथे बिऱ्हाड करू लागले. तिरागालोंग नावाच्या उत्तरेकडील खेड्यातून रेफेन्त्शे हा तरुण विद्यापीठात शिकण्यासाठी येथे येतो, पुढे अध्यापक होतो आणि प्रेमातील विश्वासघाताने खचून विसाव्या मजल्यावरून उडी घेतो. कादंबरी सुरू होते तेव्हा तो हयात नाही. निवेदक या मृत तरुणाला ‘तू’ असे संबोधून त्याच्या पश्चात घडलेले सारे सांगत जातो. पुढे पुढे तो ‘तू’ वाचकालाही लागू पडतो आणि आपण दुरून पाहणारे आहोत ही सोय वाचकाला उरत नाही. म्पेच्या निवेदनशैलीचे हे मोठे यश आहे.

या कादंबरीत एक शब्द वारंवार येतो : ‘माक्वेरेक्वेरे’. आफ्रिकेतील इतर देशांतून आलेल्या काळ्या माणसांसाठी दक्षिण आफ्रिकेत वापरला जाणारा हा तुच्छतादर्शक शब्द. त्यांची भाषा स्थानिकांच्या कानाला ‘क्वेरे क्वेरे’ अशी ऐकू येते, म्हणून हे नाव पडले, असे कादंबरीच सांगते. ज्याचे बोलणे आपल्याला कळत नाही त्याला बोलताच येत नाही असे मानण्याची ही खोड जुनी आहे. ग्रीकांनी परक्यांना ‘बार्बारोस’ म्हटले तेही याच रीतीने.

सेमिनरीत शास्ते हा ग्रंथ शिकत असताना बाराव्या अध्यायातील एक प्रसंग माझ्या मनावर कोरला गेला होता. यार्देन नदीच्या उतारावर गिलादी पहारेकरी उभे आहेत. पळून चाललेल्या प्रत्येकाला ते ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारायला लावतात. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघते तो एफ्राईमी. त्याला तेथेच ठार केले जाते. बेचाळीस हजार माणसे मेली असे तो ग्रंथ सांगतो. त्या वयात मला ती पुरातन काळातील रानटी गोष्ट वाटली होती. २००८ च्या मे महिन्यात जोहान्सबर्गच्या वस्त्यांतून जमाव रस्त्यातील माणसांना अडवीत होते, हाताचा कोपर दाखवून ‘याला झुलू भाषेत काय म्हणतात?’ असे विचारीत होते. ‘इन्दोलोल्वाने’ हा शब्द ज्याला आला नाही, किंवा ज्याच्या उच्चारात परकेपणा आला, त्याची धडगत नव्हती. गिलादी आणि एफ्राईमी हे एकाच इस्राएलचे वंश होते ही त्या जुन्या कथेतील खरी वेदना. तिचाही प्रत्यय २००८ साली आला. त्या हिंसाचारात ६२ माणसे मेली आणि त्यांपैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते. उत्तरेकडील वेंडा, शांगान, पेडी भाषा बोलणाऱ्यांना परके समजून मारहाण झाली. म्पेची मातृभाषा पेडीच. त्याच्या तिरागालोंगमधील माणसे, ज्यांच्या ओठांवर ‘माक्वेरेक्वेरे’ हा शब्द सहज येतो, ती त्या कोपराच्या परीक्षेत कदाचित नापास झाली असती.

कादंबरीतील दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुजबूज. तिरागालोंगमध्ये काहीही घडले की त्याला कोणीतरी जबाबदार असावेच लागते. एड्सचा आजार आला तो परदेशीयांमुळे. हिलब्रोत गुन्हे वाढले ते परदेशीयांमुळे. मुलगा बिघडला तो शहरातल्या बाईमुळे. रेफेन्त्शेचा पोलीस खात्यातला चुलतभाऊ हे सारे ठामपणे बोलतो. त्याचे सहकारी त्याच परदेशीयांना गाडीत घालून फिरवितात आणि पैसे मिळाले की सोडून देतात. गावाची ही संशयी नजर बाहेरच्यांपुरती मात्र राहत नाही. गावातल्याच स्त्रीला चेटकीण ठरवून गळ्यात पेटते टायर घालून जाळले जाते. म्पेने हे दोन धागे एकत्र विणले आहेत यात त्याची खरी दृष्टी दिसते. जो समाज पुराव्यावाचून परक्याला दोषी ठरवायला शिकतो, तो आज ना उद्या आपल्याच माणसाला परका ठरवितो.

या कुजबुजीत हिरिरीने भाग घेणारी रेफिल्वे ही कादंबरीची खरी नायिका. रेफेन्त्शेची ही पूर्वीची मैत्रीण त्याच्या नव्या प्रेयसीविषयी ‘तिचा बाप परदेशी’ अशी अफवा पसरविते. पुढे शिक्षणासाठी ती ऑक्सफर्डला जाते. हीथ्रो विमानतळावर आफ्रिकेतून आलेल्या प्रवाशांकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे ती पाहते आणि तेथे तिला हिलब्रो आठवते. एका नायजेरियन तरुणावर तिचे प्रेम जडते. दोघांनाही एड्स झाल्याचे निष्पन्न होते. गावाच्या मते हा रोग अर्थातच त्या नायजेरियनाने दिला. पण रेफिल्वेच्या शरीरात तो कित्येक वर्षे आधीपासून होता. घरून निघतानाच तो तिच्याबरोबर होता. मरण्यासाठी ती गावी परतते तेव्हा जी वागणूक तिने इतरांना दिली तीच तिच्या वाट्याला येते. कादंबरीच्या अखेरीस ‘अवर’ या शब्दाचा परीघ हिलब्रोवरून अलेक्झांड्रा, ऑक्सफर्ड आणि शेवटी स्वर्गापर्यंत रुंदावतो. ‘आमचे’ तेथे ‘आपले’ होते.

येथवर मी म्पेचा ऋणी आहे. माझा आक्षेप यानंतर सुरू होतो.

रेफिल्वेचे मन बदलते ते दुःखातून, मृत्यूच्या दारात. धर्मगुरू म्हणून अशी परिवर्तने मी रुग्णशय्येजवळ पाहिली आहेत आणि त्यांचे मोल मी जाणतो. परंतु समाजाची सुरक्षितता अशा परिवर्तनावर सोपविता येईल काय? रेफिल्वेला उमगले तेव्हा तिच्या हाती काही उरले नव्हते. कादंबरीत द्वेषाचे सर्व प्रकार आहेत : शब्द आहेत, अफवा आहेत, पोलिसांचा लोभ आहे. तो द्वेष एखाद्या रात्री हातात काठी घेऊन रस्त्यावर कसा उतरतो, त्याला कोण उतरवितो आणि त्याला कोण अडवू शकतो, याविषयी मात्र ती मौन पाळते. २००१ साली लिहिणाऱ्या लेखकाकडे २००८ चे उत्तर मागणे अन्यायाचे होईल, हे मान्य. तरीही द्वेष वाढला की दंगल आपोआप होते, अशी जी समजूत ही कादंबरी वाचून मनात राहते, ती चुकीची आहे आणि घातकही आहे. दंगल आपोआप होणार असेल तर ती रोखण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

२००८ मध्ये काय घडले ते पाहू. ११ मे रोजी जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत, म्हणजे म्पेने आपल्या ‘अवर’मध्ये सामावून घेतलेल्या त्याच अलेक्झांड्रात, हल्ले सुरू झाले. बघता बघता ते इतर वस्त्यांत आणि दुसऱ्या प्रांतांतही पसरले. एका वस्तीत मोझांबिकच्या एका मजुराला जमावाने जिवंत जाळले; त्याचे छायाचित्र जगभर छापून आले. एक लाखाहून अधिक लोक बेघर झाल्याचा अंदाज आहे. पोलीस ठाणी, सभागृहे, चर्चगृहे माणसांनी भरली. अखेर सैन्य बोलवावे लागले.

विटवॉटर्सरँड विद्यापीठातील संशोधक जाँ-पिएर मिसागो, लोरेन लँडाऊ आणि टॅम्लिन मॉन्सन यांनी या हिंसाचाराचा अभ्यास करून २००९ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा मुद्दा साधा आहे, पण तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. परदेशीयांविषयी आकस देशात जवळजवळ सर्वत्र होता. दारिद्र्य आणि बेकारीही सर्वत्र होती. हल्ले मात्र काही ठिकाणीच झाले. एका वस्तीत घरे जळत असताना तितक्याच गरीब शेजारच्या वस्तीत काही घडले नाही. मग फरक कशाचा होता? हल्ले झाले तेथे बहुधा अधिकृत नेतृत्वावरील लोकांचा विश्वास उडालेला होता. गुन्हे आणि तंटे यांची तड लावणारी विश्वासार्ह यंत्रणा नव्हती. त्या पोकळीत स्थानिक पुढारी आणि टोळकी शिरली. परदेशीयांना हुसकून लावून सत्ता, दुकाने, घरे आपल्या हाती घेण्याचा त्यांचा हेतू होता. हल्ल्यांपूर्वी काही ठिकाणी उघड सभाही झाल्या होत्या. जेथे जबाबदार नेतृत्व जागे होते तेथे आकस असूनही हात उचलला गेला नाही.

खुत्सोंगचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेकडील खाणपट्ट्यातील ही वस्ती त्या काळात शांत मुळीच नव्हती. प्रांताची सीमा बदलल्याच्या निषेधार्थ तेथे कित्येक महिने जाळपोळीपर्यंत मजल गेलेले आंदोलन चालू होते. हिंसा भडकण्यासाठी एखादी जागा शोधायची तर खुत्सोंगच सापडले असते. तरीही मे २००८ मध्ये तेथे परदेशी शेजाऱ्यांवर हल्ले झाले नाहीत. आपले भांडण सरकारशी आहे, या शेजाऱ्यांशी नाही, असे आंदोलनाच्या नेत्यांनी लोकांना बजावले आणि लोकांनी ते ऐकले. कारण सांगणारी माणसे त्यांची स्वतःची होती.

द्वेष आणि दंगल यांच्यामध्ये अशी एक जागा असते आणि तेथे कोण उभे राहते यावर पुष्कळसे अवलंबून असते. याच देशाच्या इतिहासात आपल्याशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आहे. १३ जानेवारी १८९७ रोजी मोहनदास गांधी डर्बन बंदरात उतरले. ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ या आगबोटी मुंबईहून निघाल्या होत्या. दोहोंवर मिळून सुमारे ८०० हिंदी प्रवासी होते. गांधी हिंदी लोकांचे लोंढे नाताळ वसाहतीत आणीत आहेत, अशी आवई उठली होती. रस्त्यात गोऱ्या जमावाने त्यांना गाठून दगड, अंडी, लाथा यांचा मारा केला. तेवढ्यात पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी त्या वाटेने येत होत्या. ऊन नसतानाही त्यांनी आपली छत्री उघडली आणि गांधींना लागून त्या चालू लागल्या. जमावाला मारायचे होते गांधींना. त्या बाईंना इजा करण्याची त्यांची तयारी नव्हती. पोलीस येईपर्यंत तेवढा अवधी मिळाला आणि एक जीव वाचला. त्या जमावाचा द्वेष त्या दिवशी कमी झाला नाही. तो कमी होण्याची वाट पाहिली असती तर गांधी मेले असते.

पुढे त्याच डर्बनमध्ये, १९४९ साली, पुन्हा १३ जानेवारीलाच, दुसरी दंगल उसळली. एका हिंदी दुकानदाराने एका आफ्रिकी मुलाला मारल्याचे निमित्त झाले. मुलगा मेला अशी अफवा पसरली. या वेळी ज्यांच्यावर हल्ले झाले ते हिंदी होते आणि हल्ले करणारे आफ्रिकी. १४२ माणसे मेली आणि त्यांत आफ्रिकींची संख्या हिंदी लोकांहून अधिक होती. मेलेल्यांचे आकडे असेच असतात. परक्यांवर उचललेले शस्त्र परक्यांपाशी थांबत नाही.

अफवेचे हे सामर्थ्य समजून घ्यायला आपल्याला डर्बनला जाण्याची गरज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. मंगळवेढ्याकडची, आपल्याच महाराष्ट्रातील ती माणसे भिक्षा मागत हिंडत होती. जेथे त्यांना कोंडून मारले ती जागा ग्रामपंचायतीचे कार्यालय होती. ज्या छपराखाली त्यांना अभय मिळावयास हवे होते तेथेच ती मेली. तसेच, ज्या २००८ साली अलेक्झांड्रा जळत होते त्याच वर्षी फेब्रुवारीत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये आपल्या राज्यातील शहरांत टॅक्सीवाले, फेरीवाले आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेले उमेदवार उत्तर भारतीय म्हणून मार खात होते, हेही विसरू नये.

दक्षिण आफ्रिकेत २०१५ साली डर्बन परिसरात आणि २०१९ साली जोहान्सबर्गमध्ये पुन्हा हल्ले झाले. वंशवाद आणि परकीयद्वेष यांविरुद्धची राष्ट्रीय कृतियोजना त्या शासनाने मार्च २०१९ मध्येच जाहीर केली होती. योजना चांगल्या असतात. परंतु शिक्षा होत नसेल तर त्यांना वजन येत नाही. २००८ मध्ये जाळलेल्या त्या मजुराच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झालेली नाही. जमावाला हे कळते. म्पेच्या कादंबरीतील लाचखाऊ पोलीस येथे पुन्हा आठवतात : जो पोलीस परक्याला लुटतो, तो स्थानिकालाही संरक्षण देत नाही. वस्तीतील माणूस चोरीमारीने गांजलेला असतो, ठाण्यावर त्याची दाद लागत नाही आणि मग कोणीतरी त्याला सोपा आरोपी दाखवून देतो. म्हणून स्थलांतरितांची सुरक्षितता आणि स्थानिकांची सुरक्षितता असे दोन वेगळे प्रश्न नाहीत. तक्रार लवकर नोंदली जाणे, अफवेची त्याच दिवशी शहानिशा होणे, धमकीची सभा भरली तर पोलिसांनी त्याच रात्री तेथे पोहोचणे आणि दोन्हीकडच्या लोकांना ओळखणारी दोनचार माणसे प्रत्येक वस्तीत असणे, या साध्या गोष्टींनी दोघेही वाचतात.

जोहान्सबर्गमधील सेंट्रल मेथडिस्ट चर्चचे बिशप पॉल वेरिन यांनी आपल्या चर्चची दारे निर्वासितांना उघडून दिली होती. जिन्यांच्या पायऱ्यांवरही माणसे झोपत. त्यांच्या धैर्याविषयी मला आदर आहे. पण आश्रय ही घर जळाल्यानंतरची सेवा आहे. घर जळण्यापूर्वी, सभेत पहिला शब्द उच्चारला जातो तेव्हा, आपण कोठे असतो?

हा प्रश्न मी इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा होतो त्या धर्मग्रामात, लागोपाठ घरफोड्या झाल्या. सभागृहात बैठक बसली. कोणीतरी म्हणाले, ‘ही बाहेरची माणसे आल्यापासून हे सुरू झाले.’ चाळीत राहणाऱ्या परप्रांतीय भाडेकरूंचा तो उल्लेख होता. पुरावा काहीच नव्हता. अनेकांनी माना डोलावल्या. मी अध्यक्षस्थानी होतो आणि मी पुढचा विषय घ्यायला सांगितला. मारहाण झाली नाही, कोणाच्या दारावर दगड पडला नाही. चोर कोण हे अखेरपर्यंत कळले नाही. महिन्याभरात त्या चाळीतील तीन बिऱ्हाडे निघून गेली. ती चर्चगृहापासून हाकेच्या अंतरावर राहत होती आणि त्यांतील एकाचेही नाव मला ठाऊक नव्हते. माझ्या हातात त्या संध्याकाळी छत्री होती. मी ती उघडली नाही.

म्पेचे पुस्तक मी त्यानंतर वाचले, म्हणूनच कदाचित ते मला इतके लागले. त्यातील ‘तू’ माझ्याकडे बोट दाखवून बोलतो असे वाटले. आमच्या भागातील मराठी वाचकाने हे पुस्तक जरूर वाचावे. वाचताना म्पेने जेथे लेखणी थांबविली तेथे मात्र थांबू नये. द्वेष मनातून जायला पिढ्या लागतील. तो जाईपर्यंत शेजारी जिवंत राहिला पाहिजे. त्याची सुरुवात लहान असते. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या गल्लीतील भाड्याच्या खोल्यांपाशी थांबावे आणि तेथे राहणाऱ्यांची नावे विचारून घ्यावीत. मी आता ज्या धर्मग्रामात आहे तेथे हे काम मी या पावसाळ्यापासून सुरू केले आहे. अजून बरीच दारे राहिली आहेत.